बाबांनी गाडीला दिलेला ग्रेड

ती गाडी पाहायला जायचं ठरलं तेव्हा मला गाडीची काळजी नव्हती, बाबांची होती. गाडीचं काय, चांगली निघाली असती तर घेतली असती, वाईट निघाली असती तर सोडून दिली असती. पण माझ्या नवऱ्याने मला न विचारता परस्पर बाबांना फोन लावला आणि मामाजी, तुम्ही पाहून सांगा, तुम्ही हो म्हटलं तरच घेतो, असं बोलून मोकळा झाला. मी कणकेचे हात घेऊन तशीच बाहेर आले आणि हे काय करून ठेवलं म्हणून विचारलं. त्याला कळेना की बिघडलं काय. मोठ्या माणसाला विचारलं, त्यांना मान दिला, यात वाईट वाटण्यासारखं काय आहे, असं त्याचं म्हणणं.

बाबा काय म्हणाले, एवढंच मी विचारलं. "बरं म्हणाले," तो म्हणाला, आणि मला धस्स झालं.

बाबा सरकारी कापूस खरेदीत ग्रेडर होते. कळंब, नेर, आर्णी, जिथे बदली होईल तिथे. कापसाने भरलेली बैलबंडी आवारात आली की बाबा उजव्या हाताची बाही वर चढवायचे आणि हात खांद्यापर्यंत कापसात घालायचे. वरचा कापूस ते पाहतच नसत. वरचा सगळ्यांचाच चांगला असतो, असं म्हणायचे. आतून मूठभर कापूस काढायचा, दाबून सोडायचा, दोन अंगठ्यांत धरून धागा किती लांब निघतो ते पाहायचं, आणि शेवटी एक सरकी दाताखाली फोडायची. सरकी कट्कन फुटली तर माल कोरडा. नुसती दबली तर ओला, आणि ओला माल म्हणजे बाबांचा हाडवैरी. वजन वाढावं म्हणून कोणी रात्री पाणी मारून आणलेलं असलं तर बाबांच्या बोटांना ते लगेच कळायचं. मग ते मोठ्याने ग्रेड पुकारायचे.

लहानपणी सुट्टीत मी त्यांच्यासोबत केंद्रावर जायचे आणि कापसाच्या गंजीवर बसून हे सगळं पाहायचे. बाबांचा आवाज आवारभर जायचा. मला वाटायचं, जगात यांच्यावर कोणी साहेब नसेल. घरीसुद्धा त्यांचा ग्रेड चालूच असायचा. टरबूज, आईने आणलेली साडी, पाहुण्यांनी आणलेले पेढे, माझं अक्षर, कशालाच सुट्टी नव्हती. माझ्या अक्षराला कधी वरचा ग्रेड मिळाला नाही. मी फुरंगटून बसायचे आणि ते हसायचे.

मग ती वाईट वर्षं आली. बोंडअळी आली, वेळी-अवेळी पाऊस आला, भाव पडले, आणि वरून हुकूम यायचे की ग्रेड कडक लावा. बंड्यांची रांग फाटकाबाहेर निघून रस्त्यावर दूरपर्यंत जायची. माणसं बंडीखालीच स्वयंपाक करायची, तिथेच झोपायची, आणि नंबर आला की बाबा हात घालून खालचा ग्रेड सांगायचे. कोणी भांडत नसे. पूर्वी लोक हुज्जत घालायचे, साहेब पुन्हा पाहा म्हणायचे. त्या वर्षांत तेही थांबलं. ऐकायचे, बैल वळवायचे आणि वजनकाट्याकडे जायचे. हळूहळू लोकांनी बाबांना रामराम करणं सोडलं. बाजारात बाबा एखाद्या दुकानात शिरले की तिथलं बोलणं थांबायचं. खरेदी गुंडाळली गेली, बाबा मुदतीआधीच घरी बसले, आणि त्यांनी मत देणं बंद केलं.

हे बाहेरच्या माणसाला सांगून पटत नाही. बाबा बोलायचे, पेपर वाचायचे, बाजारात जायचे. फक्त कशालाही चांगलं किंवा वाईट म्हणायचे नाहीत. भाजी कशी झाली विचारलं तर जेवलो म्हणायचे. घराला कोणता रंग द्यायचा, शेजारच्याने घेतलेला प्लॉट कसा आहे, डॉक्टर चांगला आहे का, सगळ्याला एकच उत्तर. "तुमाले वाटन तसं." माझं लग्न ठरत होतं तेव्हा मुलगा पाहून आल्यावर मी त्यांना आत गाठलं आणि तुम्हाला कसा वाटला ते खरं सांगा म्हटलं. तेव्हाही तेच. मला त्याचा राग आला होता आणि खोटं कशाला बोलू, अजूनही आहे. लग्न माझं, पण बाप माझा होता ना?

तर अशा माणसाला माझ्या नवऱ्याने एका जुन्या परदेशी स्पोर्ट्स कारचा ग्रेड विचारला होता.

नवरा माझा दातांचा डॉक्टर. यवतमाळला दवाखाना, आठवड्यातून एक दिवस नेर, एक दिवस आर्णी. स्वभावाने इतका मवाळ की दात काढण्याआधीही पेशंटची माफी मागतो. आयुष्यात वेड एकच. नागपूरला होस्टेलवर असताना इतर मुलांनी भिंतीवर नट्या चिकटवल्या होत्या, याने दोन दारांच्या बुटक्या गाड्या. कळंबच्या अलीकडे कापसातली सरकी काढणाऱ्या एका जिनिंगचा मालक त्याच्याकडे दाढेच्या उपचाराला यायचा. तोंड उघडं ठेवून बोलता येत नाही म्हणून चूळ भरायला उठला की तो गाडीबद्दल सांगायचा. चांगल्या दिवसांत हौसेने घेतली होती, आता जिनिंग अर्धी बंद, गाडी गोदामात उभी, कोणी जाणकार घेत असेल तर देऊन टाकतो. नवऱ्याने ती दाढ फार मन लावून भरली असणार.

मी कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवते. घर्षण, वेग, थांबायला लागणारं अंतर, हे सगळं फळ्यावर मांडून दाखवते, त्यामुळे वेगाच्या गाड्यांचं मला कौतुक कमी आणि भीती जास्त. तरी मी नको म्हटलं नाही. वर्षभर लोकांच्या तोंडात वाकून पाहणाऱ्या माणसाला एक खेळणं असू दे, असा विचार केला. फक्त त्यात बाबांना ओढायला नको होतं. जिनिंगच्या आवारात, कापसाच्या त्या वासात, चार माणसांसमोर त्यांना कोणी विचारणार, साहेब, कशी आहे? आणि ते म्हणणार, तुमाले वाटन तसं. लोक हसणार. नाहीतर आणखी काही होईल, जे मला आधी सुचतही नव्हतं. तीच धास्ती जास्त होती.

रविवारी सकाळी आम्ही त्यांना घ्यायला गेलो. बाबा अंगणात तयार उभे होते. इस्त्रीचा पांढरा सदरा, पायात धुतलेल्या चपला, आणि उजव्या हाताची बाही वर चढवलेली. डावी तशीच बटण लावून. मी त्या बाहीकडेच पाहत राहिले. आई मला बाजूला घेऊन म्हणाली की रात्रभर कूस बदलत होते, सांभाळून आण.

वाटेत नवरा सांगत होता की जुनी गाडी कशी पाहायची. महिनाभर त्याने तेच वाचलं होतं. रंग सगळीकडे सारखा आहे का, पत्र्यांच्या फटी सारख्या आहेत का, ऑईल काळं आहे की दुधाळ, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे गाडी पुराच्या पाण्यात बुडालेली तर नाही ना. मोठ्या शहरांत बुडालेल्या गाड्या धुऊन पुसून आपल्याकडे आणून विकतात, वरून काही कळत नाही, असं तो म्हणाला. मागच्या सीटवर बाबा इतका वेळ खिडकीबाहेर पाहत होते, ते पुढे वाकले. "आत ओल राह्यते काय मंग?" त्यांनी विचारलं. राहते ना मामाजी, गालिच्याखाली राहते, असं नवरा म्हणाला. बाबा पुन्हा मागे टेकून बसले. मी आरशात त्यांच्याकडे पाहत होते. चेहऱ्यावरून काही कळत नव्हतं.

जिनिंगच्या आवारात चारदोन गाड्या कापूस होता, बाकी सारं मोकळं. पूर्वी इथे पाय ठेवायला जागा नसायची. मालक स्वतः बाहेर आला, बाबांना पाहून थबकला आणि मग त्याने वाकून नमस्कार केला. ग्रेडर साहेबांना तो ओळखत होता. अशा ओळखीचं मला त्या दिवसांत भय वाटायचं, कारण पुढचं वाक्य काय येईल याचा नेम नसायचा. पण तो फक्त म्हणाला की साहेब आले म्हणजे आता मालाचं खरं-खोटं होऊन जाईल.

रुईचं गोदाम रिकामं होतं. एका कोपऱ्यात ताडपत्री. ती ओढली तेव्हा बारीक रुई उडाली आणि खालून गर्द निळी गाडी निघाली. बुटकी, रुंद, आणि खरं सांगायचं तर देखणी. नवऱ्याच्या डोळ्यांत पाणी यायचंच बाकी होतं. मालक म्हणाला की तीन हंगाम झाले, उन्हा-पावसाला लागू दिली नाही. बॅटरी नवीन टाकली, सुरू होते. चाललेली इतकी कमी की आकडा पाहून नवऱ्याने दोनदा चष्मा पुसला.

मग त्याने खिशातून टॉर्च आणि दात पाहायचा तो छोटा गोल आरसा काढला आणि गाडीची तपासणी सुरू केली. बोनट उघडून आरसा आत घालून पाही, गुडघ्यावर बसून खालून पाही. मालकाची माणसं तोंडावर रुमाल धरून हसत होती. बाबा मात्र दाराजवळ उभे होते ते तिथेच. हात मागे बांधलेले. मला वाटलं, आता विचारूच नये कोणी. नवऱ्याने आपलं आपण ठरवावं, आपण चहा घ्यावा आणि घरी जावं.

मालकानेच विचारलं. "साहेब, तुमी दुरूनच पाहून राह्यले. पाहा ना हात घालून."

बाबा हलले नाहीत. मी पुढे होऊन काहीतरी बोलणार होते, गाडीतलं त्यांना काय कळतं असं काही, त्यांची सुटका व्हावी म्हणून. तेवढ्यात ते चालत गाडीपाशी गेले. दार उघडलं, पाटावर बसतात तसे खाली बसले आणि उजवा हात सीटखाली घातला, पार खांद्यापर्यंत. डोळे मिटलेले. गालिच्याखाली बोटं फिरवली, हात काढला, नाकाशी नेला, बोटं एकमेकांवर घासली. मग दुसऱ्या बाजूने. मग डिक्की उघडायला लावून जादा टायरच्या खड्ड्यात, पार कोपऱ्यापर्यंत. वरच्या रंगाकडे त्यांनी एकदाही पाहिलं नाही. मला गंजीवर बसल्यासारखं वाटत होतं. नवरा माझ्याकडे पाहून भुवया उडवत होता. जे पाहायला त्याला महिनाभर वाचावं लागलं, ते मामाजींनी नेमकं केलं होतं.

बाबा उठले. हात झटकले. "कोरडी आहे," ते म्हणाले, आणि मग त्यांचा तो जुना आवाज निघाला, गोदामाच्या पत्र्यापर्यंत गेलेला. "घ्या डॉक्टर. माल चांगला आहे."

मी बाहेर जाऊन उगाच पदराने तोंड पुसलं. इतक्या वर्षांनी माझा बाप एका गोष्टीला चांगलं म्हणाला होता.

मालकाने किल्ली दिली आणि कळंबच्या चिंतामणीपर्यंत फिरवून आणा, देवालाही दाखवून होईल, म्हणाला. गाडीत जागा दोनच माणसांची. बाबा मालकासोबत चहाला थांबले आणि आम्ही निघालो. जाताना सगळं छान चाललं. इंजिनाचा आवाज जडशीळ, रस्ता अगदी खालून सरकतोय असं वाटत होतं. देवळाबाहेर माणसं जमली. नवऱ्याने नारळ फोडायचा हट्ट धरला नाही, तो घेतल्यावर फोडू म्हणाला. परतीला रस्त्यावर एक उतार लागतो. समोर पऱ्हाटीने, कापसाच्या वाळल्या झाडांनी, भरलेली बंडी होती, रस्ता अडवून हळूहळू चाललेली. नवऱ्याने ब्रेक दाबला. गाडी थोडी अडखळली आणि पुन्हा सुटली. त्याने आणखी दाबला. मी त्याच्या पायाकडे पाहिलं. पेडल तळाला टेकलं होतं.

तो भराभर पाय वर-खाली करत राहिला, गिअर खाली टाकला, हँडब्रेक ओढला. गाडी किंचाळत बंडीच्या मागच्या पऱ्हाटीत काड्या मोडत जाऊन थांबली. बंडीवाल्याने मागे वळून पाहिलं आणि पुन्हा बैल हाकले. आम्ही दोघं तिथेच बसून राहिलो. नवऱ्याने कपाळावरचा घाम पुसला. मग तो म्हणाला, "मामाजींना सांगू नको."

पायी चालणारी माणसं पुढे जावीत इतक्या हळू आम्ही गाडी परत आणली. मालकाला नवऱ्याने एवढंच सांगितलं की ब्रेक जरा नरम वाटतो, माझा माणूस येऊन पाहील, मग कळवतो. बाबांना ते ऐकू गेलं नाही. ते एका कापसाच्या गाडीजवळ उभे राहून धागा ओढून पाहत होते.

घरी येताना बाबा बोलत होते. वाटभर बोलत होते. कोणत्या वर्षी नेरला कसा कापूस आला होता, पाणी मारलेला माल कसा पकडायचा, दिवसभर हात घालून या खांद्याला किती ताण पडायचा. त्यांना इतकं बोलताना मी शेवटचं कधी ऐकलं होतं ते आठवेना. नवरा स्टिअरिंग घट्ट धरून हो मामाजी, हो मामाजी करत होता. मला सारखी पऱ्हाटी दिसत होती.

दुसऱ्या दिवशी यवतमाळचा एक गॅरेजवाला जाऊन गाडी पाहून आला. त्याने दवाखान्यात आणून रबरी नळीचा एक तुकडा टेबलावर ठेवला. वाकवला तर भेगा पडत होत्या. गाडीतलं जेवढं म्हणून रबर होतं, ते सगळं उभं राहून राहून सुकलं होतं. ब्रेकच्या नळ्या, सील, टायर, सगळं. दाबलं की ब्रेकचं तेल भेगांतून पाझरायचं. सगळं बदलावं लागेल, सामान परदेशातून येईल, आणि तरी मी हमी घेणार नाही, असं तो म्हणाला. गाडी चालती राहिली असती तर असं झालं नसतं.

म्हणजे बाबांचा हात खोटं बोलला नव्हता. गाडी कोरडीच होती. आयुष्यभर ज्याने ओलीला दोष मानलं, त्याला कोरडेपणा हाही दोष असू शकतो हे सुचणार तरी कसं? आणि आम्हाला तरी कुठे सुचलं? फळ्यावर रबराचे गुणधर्म शिकवणारी मी तिथेच उभी होते.

मला वाटलं, विषय संपला. नाही घ्यायची. पण नवरा म्हणाला की घ्यायची.

त्यावरून आमचं जे भांडण झालं तसं लग्नानंतर झालं नव्हतं. त्याचं म्हणणं असं की मी त्यांना विचारायला नेलं, त्यांनी चार माणसांत सांगितलं, आता मी मागे फिरलो तर त्यांचा शब्द खाली पडतो. घेऊ, दुरुस्त करू, नाही झाली तर पोर्चमध्ये उभी करू. कमी चालवीन, हळू चालवीन. मी म्हटलं, तुमचं डोकं फिरलं आहे काय, पऱ्हाटीऐवजी समोर माणूस असता तर? तो म्हणाला, "तू पाह्यलं नाही काय, ते कसे बोलून राह्यले होते ते? आता ते पुन्हा गप्प झाले तर तुले चालन?" तो माझ्या बापासाठी जीव धोक्यात घालायला निघाला होता आणि मला त्याचा राग येत होता आणि रडूही येत होतं.

त्यात बाबांचे फोन. पूर्वी ते फोन करत नसत, आता रोज. गाडी आणली काय? कागद झाले काय? त्यांनी चांगला दिवस काढून ठेवला होता. आईने सांगितलं की गल्लीत सगळ्यांना सांगून झालं, जावयाची गाडी मी पाहून दिली म्हणून. मी वर्गात चुका करायला लागले. एखादी थाप मारावी असं शंभरदा मनात आलं. मालकाने दुसऱ्याला दिली म्हणावं, कॉलेजच्या पतसंस्थेचं कर्ज मिळालं नाही म्हणावं. थाप तयारही केली. पण रस्त्याने जाताना ती गाडी नवऱ्यासकट कोणत्यातरी उतारावर डोळ्यांसमोर यायची आणि माझा जीव वरखाली व्हायचा. शेवटी एका दुपारी तो आर्णीला गेला असताना नळीचा तुकडा रुमालात गुंडाळून मी एकटीच माहेरी गेले.

बाबा ओसरीवर होते. काहीही आडवळण न घेता मी सांगितलं. बाबा, गाडी चांगली नाही. उतारावर ब्रेक लागला नाही. आम्ही दोघं वाचलो. तुकडा त्यांच्या हातात दिला.

त्यांनी तो वाकवला. भेगा उघडल्या. त्यांनी आणखी वाकवला आणि तो मोडला. आई दारात येऊन उभी राहिली होती. बाबा कितीतरी वेळ त्या दोन तुकड्यांकडे पाहत होते. मला वाटलं, केलं मी. जे व्हायला नको होतं ते माझ्या हाताने केलं. आता हे ओठ पुन्हा उघडायचे नाहीत.

"मी ओल पाहून राह्यलो होतो," ते म्हणाले. मग उठून आत गेले, सदरा घातला आणि बाहेर येऊन म्हणाले, "चाल. त्याले सांगून येऊ."

मी म्हटलं फोन करते. ते म्हणाले, पुकारा तोंडाने केला होता, तर वापसही तोंडानेच घ्यायचा. मी गाडी काढली. एकदा पुकारलेला ग्रेड बाबांनी कधी बदललेला मी पाहिला नव्हता.

जिनिंगच्या आवारात मालक काट्याजवळ होता. दोन-तीन शेतकरी आपल्या कापसाचं वजन करून घेत उभे होते. मी गाडीतून उतरले, पण पुढे गेले नाही. बाबा थेट त्याच्यापुढे जाऊन उभे राहिले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "मालक, त्या दिवशीचा माझा ग्रेड चुकला. गाडी खराब आहे. माल वापस."

मालकाला आधी समजलंच नाही. समजलं तेव्हा त्याचा चेहरा लाल झाला. "साहेब, तुमीच हात घालून पाह्यलं ना? तुमच्या शब्दावर मी वर्ध्याच्या गिऱ्हाइकाले नाही म्हनून टाकलं. अन् आता पलटून राह्यले? मंग आलते कायले पाहाले?"

"आलतो," बाबा म्हणाले, "अन् चुकलो."

मालक आणखी बरंच बोलला. ग्रेडर लोकांची ही सवयच, तेव्हाही असंच केलं, लोकांच्या मालाचं वाटोळं केलं, असं तावातावाने बोलत गेला. शेतकरी ऐकत होते. बाबा मान खाली न घालता, हात मागे न बांधता उभे होते. मला मध्ये पडून त्या माणसाचं तोंड बंद करावंसं वाटत होतं. त्याचं संपेपर्यंत बाबा तिथेच थांबले. तो पाठ फिरवून ऑफिसात गेला तेव्हा ते हळूहळू चालत आले आणि गाडीत बसले.

मी किल्ली फिरवायला घेतली. सोडा बाबा, रागात बोलला तो, असं काहीतरी म्हटलं.

"बोलू दे. बोलला तं खरं." ते म्हणाले. "तोंडावर बोलला. किती बंड्या पाह्यल्या बाई मी. कितीक ठिकाणी चुकलो असन. पण एक माणूस कधी वापस आला नाही सांगाले, का साहेब, तुमी चुकले म्हून. सारे बैल वळवून निंगून गेले. मले कधी समजलंच नाही, कोणाचं मी बरोबर केलं अन् कोणाचं बुडवलं."

ते रडायला लागले. माझ्या बापाला रडताना मी पहिल्यांदा पाहत होते. मी किल्लीवरून हात काढला आणि बसून राहिले. त्यांना गप्प करायचं माझ्या मनात आलं नाही.